फ्लाइट सिम्युलेटर : खुर्ची जागची हलत नाही, तरी वळणावर मळमळते, हलता प्लॅटफॉर्म करून उपयोग होईल का?

प्रश्न : उद्यमनगरची भाची

नमस्कार. मी कोल्हापुरात मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला शिकते. घरी फ्लाइट सिम्युलेटरचा एक छोटा संच मांडला आहे. आधी तीन मॉनिटर होते, आता व्हीआर हेडसेट घेतला आहे. उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून पश्चिमेकडे उड्डाण करायचे, उजवीकडे वळून पन्हाळा आणि जोतिबाच्या डोंगराला वळसा घालायचा आणि परत येऊन उतरायचे, हा माझा ठरलेला मार्ग आहे.

अडचण अशी की पन्हाळ्याच्या तटबंदीजवळून, खालून वळण घेतले की पोटात ढवळू लागते आणि गगनबावड्याच्या घाटात गाडी लागावी तशी अवस्था होते. तेच वळण आठ-नऊ हजार फुटांवर किंवा ढगांत घेतले, तर काहीही होत नाही. तीन मॉनिटरवर हा त्रास जवळजवळ नव्हताच. माझा मावसभाऊ वैमानिक होण्याचे प्रशिक्षण घेतो आहे आणि खऱ्या विमानात त्याला कधी त्रास झालेला नाही. पण माझा हेडसेट डोक्याला लावल्यावर त्याला माझ्यापेक्षाही लवकर मळमळू लागले, याचे मला सर्वांत नवल वाटले.

मामांचे उद्यमनगरात मशीन शॉप आहे. सर्व्हो मोटर आणि बॉल स्क्रू वापरून खुर्चीखाली तीन पायांचा हलता प्लॅटफॉर्म करून देण्याची त्यांची तयारी आहे. प्रत्येक पायाची चाल, म्हणजे वर-खाली सरकण्याचे अंतर, १५० मिलिमीटर असेल. सिम्युलेटरकडून विमानाचा कल अंशांत मिळतो. तो जसाच्या तसा खुर्चीला दिला म्हणजे खुर्ची विमानाबरोबर कलेल, असा आमचा बेत आहे. असे केल्याने डोळे आणि कान यांचा मेळ बसून मळमळ थांबेल का? विमान कंपन्यांच्या सिम्युलेटरमध्ये सहा पायांवर अख्खी केबिन उभी असते. तिथे नेमके काय केलेले असते, हेही कोणी समजावून सांगितले तर फार उपकार होतील.

उत्तर : राजारामपुरीचे कानवाले डॉक्टर

ताई, तुमच्या तक्रारीचा उलगडा कानापासून सुरू करावा लागेल. अंतर्कर्णात ऐकण्याच्या शंखाला लागूनच तोल सांभाळणारे इंद्रिय असते आणि त्याचे दोन भाग दोन वेगळी कामे करतात. एकमेकींशी साधारण काटकोनात असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके फिरल्याची खबर देतात. मात्र त्यांना फिरण्याचा वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. डोके एकाच वेगाने फिरत राहिले, तर नलिकेतला द्रवही हळूहळू त्याच वेगाने फिरू लागतो, आतला लवचीक पडदा पुन्हा सरळ होतो आणि साधारण १५ ते २० सेकंदांत फिरण्याची जाणीव विरून जाते. दुसरा भाग म्हणजे दोन इवल्या पिशव्या. त्यांच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक रुतलेले असतात आणि डोके कलले किंवा शरीर एकदम पुढे ढकलले गेले की ते सरकून खालच्या पेशींचे केस वाकवतात. यातली मेख अशी की स्फटिक डोके मागे कलल्यामुळे सरकले की पुढच्या दिशेने वेग वाढल्यामुळे सरकले, हे या पिशव्यांना ओळखता येत नाही. सिम्युलेटर बांधणाऱ्यांचा सारा व्यवसाय या मेखेवर उभा आहे, पण ते इथले जाणकार माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

डोळ्यांचा स्वभाव नेमका उलटा आहे. वेग एकसारखा असला तरी डोळ्यांना तो दिसतच राहतो. मध्यवर्ती बसस्थानकावर शेजारची एसटी मागे निघाली की आपलीच गाडी पुढे चालल्याचे क्षणभर वाटते, हा त्याचाच अनुभव. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांनी १८७५ मध्ये या आभासाचे वर्णन केले होते आणि १९७३ मध्ये ब्रांट, डिखगान्स व कोएनिग यांनी प्रयोगांतून दाखवले की आपण स्वतः गोल फिरत असल्याचा भास मुख्यतः नजरेच्या कडांना दिसणाऱ्या हालचालीमुळे होतो. तुमच्या तीन मॉनिटरच्या वर, खाली आणि बाजूला खोलीची भिंत दिसत होती आणि ती स्थिर आहे, हे कडेच्या नजरेला सतत कळत होते. हेडसेटने ती भिंत काढून घेतली.

पन्हाळ्याजवळच त्रास का होतो, याचे उत्तर साध्या भागाकारात आहे. डोळ्यांसमोरून जमीन किती झपाट्याने सरकते, हे वेगाला अंतराने भागून ठरते. तोच वेग ठेवून तुम्ही ३०० फुटांवरून गेलात आणि ९,००० फुटांवरून गेलात, तर खालची जमीन सरकण्याचा दर तीसपट बदलतो. ढगांत तर सरकताना दिसण्यासारखे काही उरतच नाही, त्यामुळे कान ‘आपण बसलो आहोत’ म्हणतो तेव्हा त्याला खोटे पाडणारा कोणी नसतो.

मावसभावाबद्दल नवल वाटून घेऊ नका. मेंदू डोळे आणि कान यांची नुसती परस्परांशी तुलना करत नाही. अशा वळणात दोघांकडून काय यायला हवे, याचा पूर्वानुभवावरून बांधलेला अंदाजही तो बाळगून असतो. त्यांच्या मेंदूला खऱ्या वळणात शरीर कसे जड होते, हे पाठ आहे आणि ते आले नाही म्हणून तो कुरकुरतो. तुमच्याकडे तो अंदाजच तयार झालेला नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरमध्ये हा त्रास प्रथम नोंदवला गेला, तेव्हाही शिकाऊ वैमानिकांपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांना तो अधिक झाला होता. उलट ज्यांच्या दोन्ही कानांतले संतुलनाचे इंद्रिय निकामी असते, त्यांना गाडी लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींना गरागरा फिरवून पाहिले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना चक्कर आलीच नव्हती.

वैद्यकीय सल्ला थोडक्यात सांगतो. कपाळावर घाम आला किंवा जांभया येऊ लागल्या की हेडसेट लगेच काढावा. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये, कारण त्रास रेटल्याने हेडसेट पाहूनच मळमळण्याची सवय लागते. त्यानंतर लगेच दुचाकी चालवू नये. चक्करेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

उत्तर : धावपट्टी २५

मी मूळचा कसबा बावड्याचा आणि सध्या बेंगळुरूत प्रवासी विमानांच्या सिम्युलेटरच्या देखभालीचे काम करतो. डॉक्टरसाहेबांनी मेख दाखवून दिलीच आहे, म्हणून थेट तुमच्या बेताकडे येतो. विमानाचा कल जसाच्या तसा खुर्चीला देऊ नका. घरगुती प्लॅटफॉर्म करणारे बहुतेकजण इथेच घसरतात आणि मग ‘हलती खुर्ची निरुपयोगी’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

खरे विमान व्यवस्थित वळत असते, तेव्हा ते ३० अंश कललेले असूनही प्रवाशाच्या पुढ्यातल्या पेल्यातले पाणी पेल्याच्या काठाला समांतर राहते. गुरुत्व आणि वळणाचे त्वरण यांची बेरीज सरळ बैठकीच्या दिशेने येते आणि शरीर १.१५ पट जड झाल्याचे जाणवते, इतकेच. खिडकी झाकून घेतली तर आपण कललो आहोत, हे प्रवाशाला सांगताही येणार नाही. तुमची खुर्ची मात्र कलून तिथेच थांबली, तर बेरीज करायला दुसरे त्वरणच नाही. तुम्ही एका कुशीवर घसराल. १५० मिलिमीटरच्या चालीत ३० अंश मिळणार नाहीत हे खरे, पण दहा अंशांनीही व्हायचा तो घोटाळा होतो : डोळे म्हणतात वळतो आहोत, कान म्हणतो एका अंगावर पडतो आहोत. मळमळ वाढेल.

मोठ्या सिम्युलेटरमध्ये म्हणून गती तीन हप्त्यांत दिली जाते. सहा पायांची ही रचना आज स्टीवर्ट यांच्या १९६५ च्या शोधनिबंधामुळे त्यांच्या नावाने ओळखली जाते, जरी गॉफ यांनी टायर तपासण्यासाठी तशीच यंत्रणा त्याआधीच उभी केली होती. वैमानिकाने उजवीकडे कल दिला की केबिनही उजवीकडे कलू लागते, म्हणजे नलिकांना हवा असलेला सुरुवातीचा झटका मिळतो. त्यानंतर पडद्यावर विमान कललेलेच राहते, पण केबिन अतिशय सावकाश, कानाला कळणार नाही अशा वेगाने सरळ होते. आम्ही त्याला वॉशआउट म्हणतो. नलिका तरी काही सेकंदांत गप्पच बसणार असतात, त्यामुळे तिथून पुढे वळण चालू असल्याचे सांगण्याचे काम एकटे डोळे करतात.

उड्डाणाच्या वेळचे त्वरण ही याहून अवघड गोष्ट आहे. समजा, विमान धावपट्टीवर ०.२५ जी, म्हणजे गुरुत्वाच्या पाव हिस्सा इतक्या त्वरणाने धावते आहे. केबिनला पुढे सरकायला एक मीटर जागा असली, तरी त्या त्वरणाने ती एका सेकंदाच्या आतच संपते. तुमच्या प्लॅटफॉर्मच्या ७५ मिलिमीटर अर्ध्या चालीएवढी जागा आडवी मिळाली असती, तर ती पाव सेकंदात संपली असती. खरे विमान मात्र अर्धा मिनिट धावत असते. म्हणून केबिन आधी थोडी पुढे झेपावते आणि त्याच वेळी तिचे नाक हळूहळू वर उचलले जाते. पडद्यावर धावपट्टी सपाटच दिसत असते. १४ अंश मागे कलले की पाठीवर गुरुत्वाचा सुमारे पाव हिस्सा पडतो आणि कानातले स्फटिक नेमके तितकेच मागे सरकतात, जितके त्या त्वरणाने सरकले असते. डोळे ‘सपाट’ म्हणतात, स्फटिक ‘मागे ओढ’ म्हणतात आणि मेंदू या दोघांना खरे ठरवणारा एकच अर्थ लावतो : आपण जोरात पुढे चाललो आहोत. मात्र ही कलण्याची क्रिया साधारण ३ अंश प्रतिसेकंद या मर्यादेच्या आत राहावी लागते, नाहीतर नलिकांना चोरी कळते. म्हणजे १४ अंश गाठायला जवळजवळ पाच सेकंद लागतात आणि मधली फट भरून काढणे, हीच आमच्या ट्यूनिंगमधली खरी डोकेदुखी असते. ही फट टाळायची तर चालच प्रचंड हवी. नासाच्या एम्स केंद्रातल्या व्हर्टिकल मोशन सिम्युलेटरला तर ६० फुटांची उभी चाल दिलेली आहे.

दृश्याच्या बाजूने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. केबिनसमोरचे चित्र वक्र आरशातून परावर्तित करून अनंत अंतरावर असल्यासारखे दाखवले जाते, त्यामुळे डोके हलवले तरी दूरचा डोंगर जवळच्या पडद्यासारखा सरकत नाही. ते आडवे सुमारे १८० अंश पसरलेले असते, कारण कडेची नजर भरली नाही तर वेग जाणवतच नाही. आणि वेळ : स्टिक, म्हणजे विमान वळवण्याचा दांडा, हलवल्यापासून चित्र आणि केबिन यांनी प्रतिसाद देण्यात विमानाच्या स्वतःच्या विलंबापेक्षा साधारण १०० ते १५० मिलिसेकंदांहून अधिक भर पडू नये, असा सर्वोच्च श्रेणीच्या सिम्युलेटरचा दंडक आहे. चित्र आधी आणि धक्का नंतर, असा उलटा क्रम तर अजिबात चालत नाही.

उत्तर : तिरकस

इतका खटाटोप कशासाठी, असे विचारावेसे वाटते. अनेक लढाऊ विमानांचे सिम्युलेटर जमिनीला घट्ट बसवलेले असतात. सात-आठ जी सतत देणे सहा पायांना शक्यच नाही. त्यासाठी बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये आहे तसे सेंट्रिफ्यूज, म्हणजे माणसाला मोठ्या वर्तुळात वेगाने फिरवणारे यंत्र, लागते. हलत्या आणि स्थिर सिम्युलेटरवर शिकलेल्यांची पुढे खऱ्या विमानात तुलना केली, तेव्हा अनेक अभ्यासांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. ताईंनी प्लॅटफॉर्मचे पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डात घालावेत, हे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर : निवृत्त वायुसैनिक, उचगाव

तिरकस, ग्राफिक्स कार्डाबद्दल तुमच्याशी वाद नाही, पण अभ्यासांचा अर्थ लावताना एक भेद सुटतो. वैमानिकाने स्वतः स्टिक ओढल्यामुळे जी हालचाल होते, तिची त्याला आधीच कल्पना असते. तिथे खुर्ची हलली काय, न हलली काय, फारसे बिघडत नाही. बाहेरून आलेली हालचाल वेगळी. उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडले की नाक एका बाजूला ओढले जाते आणि ती ओढ यंत्रांच्या काट्यांकडे नजर जाण्याआधी पाठीला आणि कानाला कळते. अशा प्रसंगी हलती केबिन पायाला रडरवर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्टीवर, लवकर नेते.

मात्र कानावर किती विश्वास ठेवायचा, हेही शिकवावे लागते. आमच्या काळी त्यासाठी बाराणी खुर्ची असे. डोळ्यांवर पट्टी बांधून माणसाला खुर्चीत बसवायचे, खुर्ची एकसारख्या वेगाने फिरवायची आणि ज्या दिशेला फिरतो आहे असे वाटेल, त्या दिशेला अंगठा दाखवायला सांगायचे. सुरुवातीला अंगठा बरोबर दिशा दाखवतो. थोड्या वेळाने तो हळूहळू सरळ उभा राहतो, कारण त्या माणसाच्या लेखी खुर्ची थांबलेली असते, आणि भोवतीची पोरे तोंड दाबून हसत असतात. मग खुर्ची खरोखर थांबवली की अंगठा झटकन विरुद्ध दिशेला वळतो आणि गडी शपथेवर सांगतो की मला उलटे फिरवताय. पट्टी काढल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असे.

धावपट्टी २५ यांनी सांगितलेली नाक उचलण्याची युक्ती उलटी वाचली, तर आकाशातला एक मोठा धोका समोर येतो. अंधाऱ्या रात्री, समुद्रावर, बाहेर क्षितिज नसताना विमानाचा वेग जोरात वाढला, तर स्फटिक तितकेच मागे सरकतात, पण ‘आपण सपाट आहोत’ असे सांगायला डोळ्यांसमोर काहीच नसते. मेंदू दुसरा अर्थ उचलतो : नाक फार वर गेले. वैमानिक नाक खाली दाबतो. २३ ऑगस्ट २००० रोजी बहारीनला गल्फ एअरचे ०७२ हे विमान उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर चढत असताना समुद्रात कोसळले आणि १४३ जण मृत्युमुखी पडले. तिथे चौकशीत याच भ्रमाची चर्चा झाली. आपल्याकडचे उदाहरण १ जानेवारी १९७८ चे. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघाले, उजवे वळण संपवून सरळ झाले, पण कॅप्टनसमोरचा कलदर्शक उजवा कलच दाखवत राहिला. त्यांनी डावीकडे कल देत नेला आणि विमान वांद्र्यासमोर समुद्रात पडले. २१३ जण गेले. खाली अंधारा समुद्र होता. यंत्र खोटे बोलत असताना कानाने त्यांना सावध केले नाही, कारण त्या कामासाठी तो घडलेलाच नाही. त्यासाठी दुसऱ्या वैमानिकासमोरचा कलदर्शक आणि राखीव कलदर्शक ताडून पाहावे लागतात.

भाचीबाई, तुमच्या सिम्युलेटरवर रात्रीचे, समुद्रावरचे उड्डाण निवडून नजर फक्त यंत्रांवर ठेवण्याचा सराव अवश्य करा. त्याला प्लॅटफॉर्म लागत नाही आणि तुमच्याच अनुभवाप्रमाणे मळमळही होणार नाही.

प्रश्नकर्ती : उद्यमनगरची भाची

सर्वांचे मनापासून आभार. कल थेट द्यायचा नाही, हे मामांनाही पेल्यातल्या पाण्याच्या उदाहरणाने लगेच पटले. आता दोनच शंका उरल्या आहेत. चढाईत नाक वर असते, तेव्हाही खुर्ची हळूहळू सपाट करायची का? आणि हेडसेट डोक्यावर असताना खुर्ची हलली, तर हेडसेटला ते डोके हलल्यासारखे वाटणार नाही का?

उत्तर : धावपट्टी २५

दोन्ही शंका रास्त आहेत. एकसारख्या वेगाने चढाई चालू असताना विमानावर जादा त्वरण नसते आणि प्रवासी खरोखरच मागे रेललेला असतो, म्हणून तिथे खुर्ची कललेलीच ठेवावी. वळणातला आणि चढाईतला हा फरक तुम्हाला वेगळा सांभाळावा लागणार नाही. सिम्युलेटरकडून अंशांऐवजी बैठकीला जाणवणारी त्वरणे आणि फिरण्याचे दर घेतलेत, तर गणित आपोआप जमते : वळणात आडवे त्वरण जवळजवळ शून्य येते, चढाईत पाठीकडचे येते.

हेडसेटचे तुम्ही ओळखलेत तसेच होते. खुर्ची मागे कलली की हेडसेट ते डोके कलल्याचे समजतो आणि तुमच्या डोळ्यांसमोरचे कॉकपिट पुढे सरकते. म्हणजे विसंवाद मिटवायला केलेली खुर्ची नवा विसंवाद निर्माण करते. त्यासाठी खुर्चीच्या सांगाड्याला एक स्वतंत्र ट्रॅकर बसवून त्याची हालचाल हेडसेटच्या हालचालीतून वजा करावी लागते. ही सोय तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे का, हे बॉल स्क्रूची ऑर्डर देण्याआधी तपासा. नसेल तर प्लॅटफॉर्मसोबत तीन मॉनिटरच वापरा.

क्रम विचाराल तर तिरकस यांच्या मताशी मी अर्धा सहमत आहे. आधी हेडसेटचा फ्रेम रेट, म्हणजे दर सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, स्थिर करा. पन्हाळ्याजवळ झाडे आणि इमारती वाढल्या की तो कोसळत असणार आणि डोके वळल्यावर चित्र मागून येणे हे मळमळीचे पहिले कारण असते. त्यानंतर बैठकीखाली कंपन देणारा बास शेकर बसवा. धावपट्टीचे खडबडीतपण आणि इंजिनाची थरथर यांनी शरीराची बरीच समजूत पटते आणि तो प्लॅटफॉर्मच्या मानाने स्वस्त पडतो. मग प्लॅटफॉर्म. त्यावर गती पूर्ण प्रमाणात देऊ नका, निम्म्यापासून सुरुवात करून मळमळ आणि मजा या दोन्हींवर लक्ष ठेवत वाढवत न्या. आणि मामांना सांगा की प्रत्येक पायाच्या दोन्ही टोकांना चाल संपताच मोटर थांबवणारे लिमिट स्विच हवेत, सर्व्होचा पुरवठा थेट तोडणारे लाल बटण खुर्चीत बसलेल्याच्या हाताशी हवे, आणि पहिल्या चाचण्या माणसाऐवजी त्याच्या वजनाची वाळूची पोती बांधून कराव्यात.